गाडीची आंघोळ

किक मारून मारून पोटऱ्या भरून आल्या, पण काल खंडेनवमीच्या पूजेसाठी धुऊन लख्ख केलेली माझी मोटारसायकल काही सुरू होईना. तासाभरात आमचा रायडर ग्रुप कोयनेला निघणार होता.

मी व्हिडिओ कॉल लावला. ग्रुपमधले सगळ्यांत जुने पाटणकरकाका म्हणाले, "प्लग काढून घास." घासला. सकिना म्हणाली, "कार्बोरेटर उघडून फुंकर मार." मारली, पुन्हा जोडला. गाडी ढिम्म. शेवटी काकाच म्हणाले, "थांब, आम्ही तिकडेच येतो."

फोन ठेवला आणि काळे हात पुसायला फडकं शोधू लागलो. तेवढ्यात बायको दारातून ओरडली, "माझं ओट्याचं फडकं आधी द्या! काल धुताना पाणी जाऊ नये म्हणून सायलेन्सरमध्ये कोंबलंत ना?"

मी गुपचूप फडकं उपसलं. पहिल्याच किकला गाडी गरजली.

मी ऐटीत ग्रुपवर लिहिलं, "येऊ नका. कार्बोरेटरमध्ये कचरा होता. मीच काढला."

मग काकांचं उत्तर आलं, "गेल्या दसऱ्याला माझ्याही गाडीत असाच कचरा अडकला होता. चांगला टॉवेलाएवढा."