पॉलिशची शिकवणी

"बॉनेटपासून सुरू करा," असं म्हणून उकंडरावानं मेणाची डबी जनकाबाईंच्या पुढं धरली. आवाज त्यानं मुद्दाम जाड काढला होता. अशी डबी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली होती, ती कालच.

सुलतानपुरात मोटार एकच, रंगरावांची काळी मॉरिस. बारा वर्षं ती उकंडरावानं चालवली. लग्नकार्यं, कोर्टकचेऱ्या, शेगावच्या खेपा, सगळं त्याच्याच हातून झालं. पण गाडी पुसायचं काम त्याच्याकडं कधीच नव्हतं. दर रविवारी सकाळी रंगराव गाडीखान्यात शिरायचे आणि आतून कडी लावून घ्यायचे. दुपारी कवाड उघडलं की गाडीत तोंड दिसायचं. एवढा मोठा जमीनदार, पण स्वतःची मोटार स्वतः चमकवतो, म्हणून गावाला त्यांचं भारी कौतुक.

रंगराव गेले त्याला आठ महिने झाले. गाडी उभी राहिली आणि उकंडराव घरी बसला. बायको दोन वर्षांपूर्वीच गेलेली, पोरगी धामणगाव बढ्याला दिलेली. दिवसच्या दिवस त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. कधीकधी तो एसटीच्या थांब्यावर जाऊन उभा राहायचा. कंडक्टर विचारायचा, "येता का?" तो म्हणायचा, "नाही." तेवढंच दिवसभराचं बोलणं.

अशात रंगरावांच्या मागं वाड्यात एकट्या राहिलेल्या त्यांच्या बायकोनं, जनकाबाईंनी, बोलावणं धाडलं. मेहकरचे उत्तमराव पंधरा दिवसांनी गाडी विकत घ्यायला येणार होते.

"गाडी चकचकीत झाली पाहिजे," त्या म्हणाल्या. "हात मी चालवीन. तुमी फक्त सांगा. मालकाचं पाहून तुमाले येतच असन."

"येते नं, बाई," उकंडराव बोलून गेला. नाही म्हटलं असतं तर तसंच घरी परतावं लागलं असतं.

मग तो एसटीनं लोणारला गेला. तिथं सहदेव भाड्याची मोटार चालवायचा. दोन कप चहा पाजून उकंडरावानं त्याच्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि वाटेत तोंडातल्या तोंडात घोकत परत आला.

तरीही पहिल्याच दिवशी घोटाळा होणार होता. गाडी धुऊन झाली आणि तो लगेच डबी उघडायला लागला.

"पानी पुरतं सुकू द्याचं असन नं?" जनकाबाईंनी विचारलं.

"हाव, तेच सांगून राह्यलो."

"अन् इथं ऊन आहे. बॉनेट तापलं तर मेन चिकटन का?"

"चिकटते नं! ढकला सावलीत."

दोघांनी मिळून गाडी सावलीत ढकलली. बाई हुशार आहे, त्याला वाटलं. न शिकवता निम्मं कळतं हिला.

मग तो रोज सकाळी जाऊ लागला. मेण बोटभर घ्या, हात गोल फिरवा, एका वेळी वीतभरच जागा धरा, पांढरं होऊ द्या, मग जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं पुसा. तो सांगे आणि जनकाबाई करत. एकदा फडकं मातीत पडलं. त्यानं ते झटकून पुढं केलं, तर त्या म्हणाल्या, "याच्यात खडा राह्यला तर ओरखडा पडन का हो?" त्यानं मान डोलावली आणि दुसरं फडकं दिलं.

दहाच्या सुमारास त्या गाडीखान्याच्या मागच्या दारानं घरात जाऊन चहा आणत. गाडीच्या अलीकडं तो बसे, पलीकडं त्या. घरात दुसरं माणूस नव्हतं.

"शेगावच्या रस्त्यानं बाभळी आहेत का अजून?" त्या विचारत.

"आहेत नं."

"मी दोनदाच बसली या गाडीत."

तो बशीत चहा ओतून घेई. पण घरी गेल्यावर तो त्याच वाक्याशी बोलत बसे. आणि रोज मनात यायचं, या एकट्या बाईला आपण फसवतोय. सांगून टाकावं. पण सांगितलं की सकाळ संपली.

पंधराव्या दिवशी उत्तमराव आले. गाडीभोवती फिरले, दारावर वाकून त्यांनी आपली टोपी नीट केली.

"कोनाचा हात हा?"

"उकंडरावांनी शिकवलं," जनकाबाई म्हणाल्या.

"मंग गाडीसंगं तुमीबी चला, उकंडराव. राहाची सोय करतो. चालवा, अन् हप्त्याले एकदा असं पॉलिश करा."

चालवायला गाडी, राहायला घर, बोलायला माणसं. पण पंधरा दिवस खोटं बोलणं वेगळं, आणि खोट्यावर भाकर खाणं वेगळं.

"मले पॉलिश येत नाही, साहेब," तो म्हणाला. "ते मालकाचं काम होतं. मी नुसताच चालवत होतो."

उत्तमराव हसले. "चालवाले तर माह्याजवळ डायव्हर आहे." त्यांनी सोबतच्या माणसाला खूण केली. मॉरिस फाटकातून बाहेर पडली, वळणावर एकदा चमकली आणि धुरळ्यात गेली.

रिकाम्या गाडीखान्यात दोघंच उरली. जनकाबाई उंबऱ्यावर बसून फडक्यांच्या घड्या घालू लागल्या.

"माफ करजा, बाई," उकंडराव म्हणाला. "पंधरा दिस तुमाले फसवलं. सहदेवानं सांगतलं तेच मी बोलत होतो. मालकाची कला मालकासंगंच गेली."

जनकाबाईंनी शेवटची घडी घातली. वर न पाहता त्या म्हणाल्या, "ते तर कडी लावून आत पेपर वाचत बसत, उकंडराव. बारा वर्सं गाडी मीच चमकवत होती."