होडीचं गाणं

"मार्युन, ते तक्रारीचं बटण दाबू नकोस," हानुस म्हणाला. "शेवटी आपल्यातलाच आहे तो. सणाला त्याचाच हात धरून फेरात उभं राहायचंय आपल्याला."

"मी नाही धरायची त्याचा हात," मार्युन भावाला म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

बनावट वस्तू विकणारा. नाव, टुमास. त्याखाली तिने चार ओळीही लिहिल्या, सगळ्या फेरो बेटांना वाचता येतील अशा.

गावाचं एक गाणं होतं. फार मागे गावातली एक होडी मासेमारीला गेली ती परतलीच नाही. तिच्यावरच्या एकेका माणसाचं एकेक कडवं. ते कुणी कधी लिहून ठेवलं नव्हतं. ते शिकायचं फेरात, हातात हात गुंफून, पावलाला पाऊल लावत. वाद्य नाही, काही नाही. म्होरक्याने कडवं उचलायचं आणि गावाने पालुपद धरायचं. म्होरकेपण बापाकडून लेकाकडे यायचं. मार्युनचा बाप पेटुर हा शेवटचा म्होरक्या.

आजारपणात त्याला श्वास पुरेना, तेव्हा मार्युनने फोनमध्ये नवं मेमरी कार्ड घातलं आणि उशाशी बसून त्याच्याकडून गाणं गाऊन घेतलं. जमेल तेव्हा, जमेल तेवढं. कार्ड तिने ऑनलाइन बाजारातून घेतलं होतं, टुमासकडून. तो मासळीच्या कारखान्यात कामाला होता. जोडीला कार्डं, चार्जर, इअरफोन विकायचा. पाकिटावर मोठ्या कंपनीचं नाव झळकत होतं.

पेटुरला माती दिल्यावर ती ऐकायला बसली. कडव्यांची नावं ओळीने दिसत होती. आत काहीच नव्हतं. राजधानीतल्या, तोर्सहावनच्या दुरुस्तीवाल्याने कार्ड तपासलं आणि मान हलवली. "नकली आहे, बाई. यात जागाच नव्हती. नावं तेवढी घेत गेलं, आवाज सांडत गेला."

पहिला तुकडा तेवढा वाचला होता. त्यात पेटुर खोकत होता आणि विचारत होता, "चालू झालं का गं, पोरी?"

तिच्या तक्रारीनंतर टुमासचं ऑनलाइन दुकान बंद झालं. बेटांवर अशी गोष्ट वाऱ्याच्या आधी पोचते. कारखान्यात मासे चिरताना सोबतचे म्हणायचे, "काय रे टुमास, हा कॉड तरी अस्सल आहे ना? की वरून कॉड आणि पोटात भुसा?" सगळे हसायचे. टुमास मान खाली घालून सुरी चालवत राहायचा.

एका दुपारी तो तिच्या दारात आला. टोपी काढून हातात धरली होती.

"मार्युन, मलाही फसवलं गं त्यांनी. पाकीटबंद आलं, तसंच विकलं. तपासायला हवं होतं. चुकलंच माझं."

"माझ्या बापाचा आवाज आणून दे. मग बोल."

"आवाज नाही आणता यायचा," तो चाचरत म्हणाला. "पण पेटुरकाकांनी मला…"

"त्यांचं नाव घेऊ नकोस त्या तोंडाने."

तिने दार लावलं. तो बराच वेळ पायरीवर उभा होता. छपरावरच्या गवतातून पाणी ठिबकत होतं, त्याच्या उघड्या डोक्यावर. टोपी घालायचंही त्याला सुचलं नाही. मग तो उतारावरून निघून गेला. पुढच्या बोटीने बेटंच सोडून गेला. डेन्मार्कला, म्हणे. त्याचा फोनही बंद झाला. मार्युनला वाटलं होतं, आता बरं वाटेल.

उपासाच्या दिवसांआधीचा सण आला. गाव सभागृहात जमलं. दक्षिणेकडच्या बेटावरच्या वृद्धाश्रमातून पेटुरच्या म्हाताऱ्या बहिणीला, एल्स्पा आत्याला, मुद्दाम आणलं होतं. भिंतीकडेच्या बाकावर ती शाल गुंडाळून बसली. फेर धरला गेला. लाकडी जमीन धडधडू लागली. बापाच्या जागी हानुस उभा राहिला आणि त्याने गाणं उचललं.

होडी बांधून झाली. माणसं चढली. बायकांनी धक्क्यावरून हात हलवले. इथवर साऱ्या गावाला येत होतं. होडी बंदराच्या तोंडाशी आली आणि हानुसचं तोंड उघडंच राहिलं. पुढचं कडवं त्याला आठवेना. कुणालाच आठवेना. म्होरक्या गातो म्हणून बाकीच्यांनी कधी ध्यानात ठेवलंच नव्हतं.

फेर मात्र थांबत नाही. गाव पुन्हा पालुपदावर आलं.

"वल्हवा रे वल्हवा, घर मागे राहिलं,
दिव्याची वात लहान झाली."

पुन्हा तेच. पुन्हा तेच. पावलं पडत होती, होडी हलत नव्हती. बुडालेली माणसं आपापल्या नावासाठी तिथेच खोळंबली होती. मार्युनच्या डोळ्यांतून धार लागली. दोन्ही हात शेजाऱ्यांच्या हातात अडकलेले, पुसायचे कसे?

बाकावरची एल्स्पा आत्या वैतागली. तिच्या आश्रमात कुणी ऑनलाइन बाजार वाचत नव्हतं.

"अरे, किती वेळ एकाच जागी वल्हवताय!" ती ओरडली. "टुमासला म्हणू द्या पुढचं. हानुसच्या ध्यानात काही राहत नाही, हे पेटुरला ठाऊक होतं. पोराच्या मनाला लागेल म्हणून बोलला नाही कधी. पण दर हिवाळ्यात होडीघरात बसून त्याने टुमासकडून अख्खं गाणं घोटून घेतलंय, एकूण एक नावासकट. कुठे उभा आहे तो? पुढे घ्या रे त्याला."