मापाची वही

पोलीस दुकानात शिरला तेव्हा टेलर एका कोटाचे सुटे धागे कापत होता. कोट तयार होता. पण सुटा धागा किंवा लोंबती चिठ्ठी ठेवून त्याने आजवर एकही कपडा गिऱ्हाइकाच्या हाती दिला नव्हता.

"बसा, झालंच," तो म्हणाला. त्याला वाटलं, गणवेशाचं बटण तुटलं असेल.

पोलीस बसला नाही. तुमच्या बायकोची सायकल उतारावर होती, असं तो म्हणाला. हँडल वळलं, चाक वळलंच नाही. समोरून टेम्पो येत होता. ती ज्या दवाखान्यात नर्स होती तिथेच तिला नेलं, आणि तिच्याच वॉर्डातल्या बायकांनी तिला ओळखलं. आता घाई करण्यात अर्थ नाही, एवढं सांगून पोलीस खाली बघत राहिला.

टेलरने उरलेला एक धागा कापला. मग कात्री खाली ठेवली.

सायकल चार दिवसांची होती. वाकड्या हँडलची, बारीक टायरची, त्या जातीतली सगळ्यात स्वस्त. दोन बस बदलून कामावर जायचा तिला कंटाळा आला होता. तीन दिवस तिने गल्लीत फेऱ्या मारल्या. चौथ्या दिवशी ती दवाखान्याकडे निघाली.

तिचा धाकटा भाऊ सायकली दुरुस्त करायचा. वीस वर्षं त्याचं दुकान होतं. सायकल घ्यायच्या आधीच त्याने फोनवर बजावलं होतं, खोक्यातून आलेली सायकल म्हणजे कच्ची टीप मारलेला कपडा, आधी माझ्याकडे आणा. टेलरने हो म्हटलं आणि नेली नाही. प्रत्येक गोष्टीला मेहुणा कशाला, असं त्याला वाटलं. अंत्यविधीच्या दिवशी मेहुणा एकच वाक्य बोलला, "माझ्याकडे आणली असती तर." त्यानंतर तो घरी आला नाही.

ते वाक्य टेलरच्या मनातून जाईना.

त्याने सायकल विकणाऱ्या दुकानावर तक्रार केली. तिथला मॅनेजर म्हणाला, जे सांगायचं ते सगळं सायकलवरच सांगितलेलं असतं. टेलरने लेखी जबाब दिला की कुठेही काहीही सांगितलेलं नव्हतं. त्यावर सही करताना त्याचा हात जरासुद्धा अडखळला नाही.

मोडलेली सायकल पोलिसांच्या ताब्यात होती. म्हणून महिन्याभराने त्याने तशीच दुसरी घेतली, तोच रंग, तीच मापं, आणि खोकं न उघडता मेहुण्याच्या दुकानात नेऊन ठेवलं.

"तुझ्या हाताने उघड," तो म्हणाला. "जे निघेल ते सांग. मी लिहितो, तू खाली सही कर."

मेहुण्याने खोकं स्वतःकडे ओढलं. मग त्याने सुरी घेतली.

लिहायला टेलरने दुकानातली मापाची वही आणली होती. खूण म्हणून ठेवलेल्या लाल पट्टीपाशी त्याने ती उघडली. डावीकडच्या पानावर बायकोच्या जॅकेटचं माप होतं. छाती चौतीस, बाही बावीस. सायकलवर वाकल्यावर पाठ उघडी पडू नये म्हणून लांबी दोन इंच जास्त. उजवीकडचं पान कोरं होतं.

मेहुणा एकेक दोष सांगत गेला. मागचं चाक डुलतंय. ब्रेकचं एक रबर रिमला घासतंय, दुसरं पोचतच नाही.

"हा ब्रेक थांबवत नाही, नुसती विनंती करतो," तो म्हणाला. टेलर हसला नाही, पण विनंती हा शब्द त्याने लिहून टाकला आणि मग खोडला.

गिअरची तार ढिली होती. हँडलखालच्या छर्ऱ्यांना ग्रीस नव्हतं.

"ताईच्या सायकलचं खोकं कोणी उघडलं?"

"मीच. पुढचं चाक तेवढं सुटं होतं, ते चित्र बघून बसवलं. ते नीट बसलं होतं, पोलीसही तेच म्हणाले. मग लोंबतं-बिंबतं सगळं काढलं, पुसली आणि तिला हाक मारली."

मेहुण्याने मान हलवली. शेवटी त्याने हँडलच्या दांड्यावरचा फोम अर्धवट सोडला आणि आत बोट घातलं. हँडल धरून ठेवणारे दोन बोल्ट त्या बोटानेच फिरले.

बाहेर कुणीतरी हवा भरत होतं.

"हे लिहा," मेहुणा म्हणाला. "पाना लागलेलाच नाही. असंच पाठवतात. भाऊजी, मी तुम्हाला त्या दिवशी नको ते बोललो."

टेलरने मान खाली घालून लिहिलं. अक्षरं ओली दिसायला लागली, तेव्हा त्याने चष्मा काढून पुसला. महिन्याभरात पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास घेता आला.

मेहुण्याने उरलेला फोम ओढला. बोल्टांच्या मागून नायलॉनच्या दोऱ्यावर एक लाल पट्टी लोंबली. तिच्यावर इंग्रजीत बारीक छापलेलं होतं. त्याने ती उजेडाकडे धरली, आधी मनात वाचली, मग टेलरला सांगितली.

"हे दोन बोल्ट सैल आहेत. आवळल्याशिवाय सायकल चालवू नका आणि ही पट्टी काढू नका." त्याने पट्टी सोडून दिली. "ताईच्या सायकलला बांधायलाच विसरले असणार. तेही लिहा, भाऊजी. पट्टी नव्हती. मी सही करतो."

टेलरने पेन टेकवलं. वहीच्या घडीत खुणेची लाल पट्टी पालथी पडली होती. त्याने ती उलटवली. तीच बारीक अक्षरं. टोकाच्या भोकात नायलॉनच्या दोऱ्याचा तुकडा होता, कात्रीने सफाईने कापलेला. पट्टीच्या बाजूला चौतीस, बावीस, दोन इंच जास्त. जॅकेट अजून कापायचं राहिलं होतं.