बाईंचा कप

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल, शनिवारची दुपार, आणि मंडळाची शेवटची बैठक.

मंडळ म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका इंग्रज कादंबरीकार बाईंवर जीव टाकणारी सात-आठ माणसं. आसपासच्या गावांतून बस पकडून ती वहिनींच्या पुढच्या खोलीत जमायची. मास्तरीणबाई कादंबरी हातात धरून तिथल्या तिथे मराठीत सांगायच्या, बाकीचे ऐकायचे. एक खुर्ची बाईंसाठी रिकामी असे. टेलरबाईंनी तिला उशी शिवली होती. चहाचा पहिला कप त्या खुर्चीपुढच्या तिपाईवर जायचा, आणि तो बिनसाखरेचा. बाई साखर घेत नसत, असं मास्तरीणबाईंनी कुठेतरी वाचलं होतं, आणि त्यांच्या वाचण्यापुढे मंडळात कोणाचं चालत नसे.

तो कप शेवटी वहिनींचे यजमान, म्हणजे दादा, प्यायचे. बैठक उठता उठता दादा आतून यायचे.

"काय, आजही आल्या नाहीत वाटतं तुमच्या पाहुण्या? मेलेल्या माणसाला चहा पाजणारं घर जगात हे एकच."

असं म्हणून उभ्या उभ्या कप रिकामा करायचे आणि तोंड वाकडं करायचे. "कडू. माझ्या गोळीसारखा."

गोळी हृदयाची होती. ती औषधवालीच्या दुकानातून जायची. औषधवाली मंडळातली, आणि वहिनींची सगळ्यांत जुनी मैत्रीण, त्यामुळे तिला घरातलं ठाऊक होतं. दादांना ती गोळी गिळवत नसे, म्हणून वहिनी ती खलात कुटून साखरेत कालवून द्यायच्या. "लहान मूल परवडलं," असं हसून म्हणायच्या आणि हसताना पदर मनगटावर ओढून घ्यायच्या. मनगटाला काय झालं विचारलं, तर कढई लागली म्हणायच्या. त्या घरातली कढई फार वेळा लागायची.

त्या महिन्यात दादांनी पुढची खोली एका टायरवाल्याला गोदामासाठी द्यायचं ठरवलं. वहिनींनी तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी चालू असलेली कादंबरी मधोमध फाडली आणि वाचून झालेला अर्धा भाग पाणी तापवायच्या चुलीकडे नेला. "उरलेला अर्धा उद्यासाठी," म्हणाले.

हे वहिनींनी दुकानात येऊन सांगितलं. रडल्या मात्र नाहीत. "खोली गेली की मी कुठे बसायचं गं?" एवढंच म्हणाल्या आणि दादांच्या महिन्याभराच्या गोळ्या घेऊन गेल्या.

शेवटच्या बैठकीला औषधवाली लवकर गेली. कप मांडू लागावं, म्हणून. स्वयंपाकघरात ओट्यावर खल धुऊन पालथा घातला होता. वहिनी बाईंचा बिनसाखरेचा कप ढवळत होत्या. आज बिचारीचं चित्त ठिकाणावर नाही, औषधवालीला वाटलं.

"द्या, मी नेते."

"नको. हा मी नेईन."

उरलेल्या पानांचं वाचन निम्म्यावर आलं असेल, तोच दादा दारात उभे राहिले. इतक्या लवकर ते कधी येत नसत. सगळे सावरून बसले. दादांच्या हातात फाटक्या पानांचा गठ्ठा होता. कडा थोड्या करपलेल्या.

"ती मुलगी," ते म्हणाले. "घोडागाडी चुकते ती. तिचं पुढे काय होतं?"

सगळे त्या करपलेल्या पानांकडे पाहू लागले.

"जाळायलाच बसलो होतो. पहिलं पान टाकता टाकता वाचलं. मग दुसरं. पाणी गार झालं, आंघोळ राहिली. पानं संपली आणि मुलगी तिथेच, पावसात उभी."

मास्तरीणबाईंनी चष्मा काढला. "शेवट आम्ही आधी सांगत नाही. मंडळाचा नियम आहे. ऐकायचं तर दर शनिवारी यावं लागेल."

"येईन."

"खोली राहिली तर ना."

"राहील. टायरवाल्याला नकार देऊन आलो." दादांनी वहिनींकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. "सकाळीच सांगणार होतो हिला. जीभ रेटली नाही. बरंच काही सांगायचं राहिलंय."

बसायला दुसरी जागा नव्हती. ते रिकाम्या खुर्चीपाशी घुटमळले.

"बसा हो," टेलरबाई म्हणाल्या. "बाई रागावणार नाहीत. उशी मात्र दाबू नका."

दादा बसले आणि त्यांनी सवयीनं कप उचलला.

वहिनी उठल्या. "थांबा. गार झालाय तो. दुसरा करून आणते."

"राहू दे. मला याचीच सवय झालीय."

"अहो, ऐका माझं…"

त्या हात पुढे करेपर्यंत कप रिकामा झाला होता. दादांनी ओठ पुसले. "आज गोड आहे की."

"बाई प्रसन्न झाल्या तुमच्यावर," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि त्या खोलीत दादांसकट सगळे पहिल्यांदाच हसले. वहिनी तेवढ्या पुढे केलेला हात तसाच धरून उभ्या राहिल्या.

त्याच संध्याकाळी दादा गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलंच होतं, मनावर ताण आला असेल. औषधवालीला वाटलं, माणूस चांगला व्हायला लागला की देवाला घाई होते.

टायरवाल्याला दुसरीकडे जागा मिळाली. मास्तरीणबाई पुढे लेकीकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. टेलरबाईंची नजर गेली, तरी कोणाचा तरी हात धरून त्या ऐकायला यायच्या. मंडळ त्याच खोलीत पुष्कळ वर्षं चाललं. बाईंच्या चित्राशेजारी दादांचा फोटो लागला. ती अर्धी कादंबरी मात्र वहिनींनी पुन्हा कधी वाचू दिली नाही, आणि स्वतःच्या चहातली साखरही सोडली. लोक म्हणायचे, नवऱ्यावर जीव असावा तर असा.

वहिनी शेवटी अंथरुणाला खिळल्या, तेव्हा उशाशी औषधवालीच होती. एके सकाळी ती चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आता कसलं व्रत, वहिनी. चमचाभर साखर घालू का?"

वहिनींनी कपावर हात आडवा धरला.

"ते सकाळीच बोलले असते ना गं," त्या म्हणाल्या, "तर त्या दिवशी बाईंच्या कपात मीही घातली नसती."