पोपचा शब्द

रेमेतने पदराआडून कुत्र्याचं पिल्लू काढलं, तशी तिच्या नवऱ्याने, पास्कोलने, हातातली जपमाळ खाली ठेवली.

“परत देऊन ये,” तो म्हणाला. “मुलांऐवजी कुत्री पाळणं हा स्वार्थ, असं पोप म्हणालेत. आपण कॅथलिक. पोपचा शब्द मोडायचा नाही.”

लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि किती नवस केले तरी घरात पाळणा हलला नव्हता. रेमेतचे डोळे भरून आले. ते पाहून पास्कोल वरमला आणि सायकल काढून चर्चमध्ये गेला. आता फादरही हेच सांगणार, या धास्तीने ती पिल्लाला कुशीत घेऊन ओट्यावर बसून राहिली.

तासाभराने तो परतला.

“काय म्हणाले फादर?” तिने विचारलं.

“श्रद्धेच्या बाबतीत पोपची शिकवण पाळायचीच. पण असल्या घरगुती गोष्टींत त्यांचं मत आदराने ऐकायचं आणि मग आपल्या विवेकाला विचारायचं.”

“मग तुमचा विवेक काय म्हणतो?”

पास्कोल तिच्या शेजारी टेकला आणि त्याने पिल्लाला मांडीवर घेतलं.

“नाव बापाने ठेवायचं, म्हणतो.”