क्षितिज सरळ येईना

आज एकदाही ‘मागे ये’ म्हणायचं नाही, असं शार्दूलने बायकोकडून घाटातच कबूल करून घेतलं होतं. त्यामुळे तो लेकीला घेऊन कड्यापासून चार पावलांवर बसला, तेव्हा मृण्मयीने ओठ मिटून कॅमेऱ्याला डोळा लावला.

चौकट छान जमली होती. वर ढग, मधे दरी, खाली कोपऱ्यात लेकीचा पिवळा रेनकोट. फक्त क्षितिज सरळ येईना. ट्रायपॉडवरच्या छोट्या पाणसळीतला बुडबुडा ती मधोमध आणायची आणि तो हळूच उजवीकडे सरकायचा.

“काय फोटोग्राफरबाई, क्षितिज पळून चाललंय का?”

तिने पुन्हा बुडबुडा मधे आणला. तो पुन्हा सरकला. मग तिने खाली पाहिलं. ट्रायपॉडचा डावा पाय गवतात बोटभर खचला होता. तिथून जमिनीला बारीक चीर गेली होती आणि ती दोघं चिरेच्या पलीकडे होती.

“मागे या.”

“हरलीस! मला माहीतच होतं, तुला...”

“शार्दूल, तिला उचल आणि मागे ये. आत्ता.”

तिचा हा आवाज त्याला नवा होता. तो उठला.

तिघं मागच्या खडकावर भडंग खात असताना कड्याची ती कड गवतासकट खाली गेली.

त्यांना मागे बोलावण्याच्या गडबडीत बटण दाबलं जाऊन निघालेला एकच तिरका फोटो घरी आहे. एरवी शार्दूल कुणाचंही तिरकं क्षितिज कॉम्प्युटरवर सरळ करून देतो. या फोटोला त्याने हात लावलेला नाही.