सूरडाकिणीचा चेहरा

"हळू बोला," भीमाशंकरकाका आतल्या दाराकडं बघत म्हणाले. "ती आत हाय."

रेश्मानं आवाज खाली आणला. शुक्रवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत आवाजाला लपायला जागा नव्हती, तरीही. तिनं पिशवीतून जुनी चित्रकथा काढून पुढं ठेवली. पस्तीस वर्षांपूर्वी सोलापुरातच छापलेली, चार अंकांत बंद पडलेली. तिसऱ्या अंकात सूरडाकीण नावाची खलनायिका येते, गाणं म्हणते, खजिन्याचे पहारेकरी झोपेनं माना टाकतात आणि ती किल्ल्या घेऊन चालू लागते. सगळी मिळून अकरा पानं. पण ती सापडल्यापासून रेश्माला दुसरं काही सुचत नव्हतं. जुनी बालपुस्तकं पुन्हा छापायचा तिचा छोटा उद्योग होता. चित्रकाराची सही मिळाली, की सूरडाकिणीचं अख्खं पुस्तक निघणार होतं.

चित्रकार भीमाशंकरकाका समोर बसले होते. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेले, पंचाहत्तरीचे आणि घाबरलेले.

"सहीला माझं काय जातंय," ते म्हणाले. "पण चेहरा बघा की. नाक बघा."

तेवढ्यात ईरम्माकाकू चहा घेऊन आल्या. रेश्मानं काकूंचं नाक बघितलं आणि चित्रकथेवर पटकन पिशवी ठेवली. काकू कप ठेवून आत गेल्या.

"कळलं?" काका कुजबुजले. "लग्न झालं नि दुसऱ्याच दुपारी ही गायला लागली. काय सांगू तुमाला, गिरणीचा भोंगा बरा. गप बस म्हणायची आपली छाती न्हाय. डोळे मिटून पडलो, तर गाणं थांबलं. तवापास्नं जेवण झालं, की ती गाती आन मी पडतो. झोप कुटली? दोन तास नुस्ता पडून. हललो, की पुन्ना सुरू."

"म्हणजे हे पहारेकरी..."

"जागे हायेत. एकाचा डोळा किलकिला काढलाय, नीट बघा."

रेश्मानं हसू चहाच्या कपात लपवलं.

"तिला वाटतंय, आपल्या गळ्यात जादू हाय," काका म्हणाले. "हे तिनं वाचलं, तर लई वाईट वाटंल तिला. पन्नास वर्षं सांभाळलंय मी."

"नाक बदलू," रेश्मा म्हणाली. "काकूंना कधीच कळणार नाही. माझा शब्द."

काकांनी चित्रातल्या नाकावरनं बोट फिरवलं.

"मीच बदलतो. तिच्या नाकाला दुसऱ्याचा हात नको."

त्यांनी सही केली आणि ब्रश शोधायला गच्चीवर गेले. जिन्यावरची पावलं थांबली तशा काकू कप उचलायला आल्या. त्यांनी पिशवी बाजूला सारली, पान उघडलं.

"नाक ऱ्हाऊ द्या. बरं काढलंय."

रेश्माला कुठं बघावं कळेना. "काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"छापून आलं त्याच आठवड्यात बघितलं की. त्यास्नी सांगू नका."

"वाईट नाही वाटलं?"

 कप गोळा करता करता काकू एक कन्नड पद गुणगुणू लागल्या. हलकेच, सहज. सूर असा लागला, की रेश्माच्या हातातला कप हातातच राहिला. पद कधी संपलं, तिला कळलंही नाही.

"तुम्ही तर..." ती म्हणू लागली.

जिन्यावर पुन्हा पावलं वाजली.

"असं गायले असते, तर हा मानूस रोज दुपारी म्होरं बसून ऐकत बसला असता," काकू हळूच म्हणाल्या, "आन मला माझे दोन तास कुटनं मिळाले असते?"

मग त्यांनी घसा खाकरला, आणि सूर बेतानं फोडला.